‘सा’ गेला ते वर्ष

आमच्या मळ्यातल्या घराला तीन बाजूंनी ऊस होता आणि चौथ्या बाजूला येडगाव धरणाचं पाणी. गावात जायचं तर उसामधल्या गाडीवाटेनं जावं लागे, आणि ती वाट इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडची पाती बोटांना लागत. वारा सुटला की ऊस बोलायचा. पावसाळ्यात त्याचा आवाज ओला, जड असे. थंडी सरून पाचट वाळलं की कुणीतरी सावकाश कागद चुरगाळतंय असं वाटे. अंथरुणात पडल्यापडल्या मी त्यावरून सांगायचे, वारा पाण्याकडून येतोय की नारायणगावच्या अंगानं. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला कौतुकानं सांगायचे, “पोरीचं कान लई तिखट हायेत.” आई म्हणायची, कान तिखट आहेत तर हाक मारल्यावर कामाला का येत नाही.

घरात आम्ही पाच माणसं. अप्पा, आई, दादा, त्याच्या लग्नाला वर्षही न झालेली वहिनी आणि मी. उजाडायच्या आत विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर खट्‌कन बोले आणि मग दिवसभर ती घरघर घराच्या बुडाशी चालू राही. तिच्यावर आईचं भाकरी थापणं, वहिनीच्या नव्या बांगड्या, गोठ्यातल्या दावणीचा खुळखुळाट. गुरुवारी संध्याकाळी अप्पांचं भजनी मंडळ आमच्या ओसरीवर जमायचं, म्हणून त्या दिवशी हमखास हुलग्याचं शेंगोळं असे. चुलीवर ते रटरटू लागलं की लसणाचा वास ओसरीपर्यंत जाई आणि टाळकऱ्यांचं लक्ष उडे. अप्पा पेटी वाजवायचे. कुणाकडे शिकलेले नव्हते. ऐकायचं आणि बोटं ठेवायची, एवढंच त्यांचं शिक्षण. मी त्यांच्या मांडीला टेकून बसायचे आणि लहानपणापासून गवळणी म्हणायचे. मला आवाज होता. हे आज सांगायला संकोच वाटत नाही, कारण ज्या मुलीबद्दल सांगते आहे ती आता माझ्या ओळखीची कुणी दूरची मुलगी असावी तशी वाटते.

कॉलेजसाठी मी नारायणगावला जाऊ लागले तेव्हा कांताकाकी भेटल्या. बाजारपेठेत त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले, जैन. पण काकींचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. लग्नाआधी त्या शास्त्रीय गाणं शिकल्या होत्या, लग्नानंतर जैनांच्या धर्मस्थानकात स्तवनं तेवढी म्हणायच्या, आणि दुपारी दुकानावरच्या माडीवर दोन-तीन मुलींना शिकवायच्या. कॉलेजच्या कार्यक्रमात त्यांनी मला ऐकलं आणि आठवड्याभरात अप्पांना दुकानात बोलावून घेतलं. अप्पांना वाटलं, वहिनीच्या साड्यांचं काहीतरी राहिलं असेल. काकी म्हणाल्या, “अप्पा, हिला माझ्याकडे पाठवा. हिला पुण्याला गाण्याच्या परीक्षेला बसवायचं आहे.” सगळ्या बाजारासारखे अप्पाही काकींना भाभी म्हणत. घरी जेवताना एकदाच म्हणाले, “भाभी म्हन्त्यात तर जाऊ द्या तिला.” त्या माडीवर कोऱ्या कापडाचा खळीचा वास असे. त्या वासात मी भूप शिकले, यमन शिकले, आणि काकी म्हणायच्या त्याप्रमाणे ‘सा’ लावायला शिकले. नुसता ‘सा’. कितीतरी दुपारी आम्ही दुसरं काही केलंच नाही.

खोकला त्याच सुमाराला दुसऱ्यांदा आला. पहिल्यांदा आला होता तेव्हा गोळ्या दिल्या होत्या, बरं वाटलं आणि गोळ्या संपायच्या आधीच थांबवल्या. आमच्याकडे सगळे तसंच करायचे. या वेळी रक्त पडलं. त्या दिवसापासून घरातल्यांचं बोलणं बदललं. दुखण्याचं नाव कुणी घेईना, ‘ते’ म्हणायचे. अप्पांची धाकटी बहीण, माझी आत्या, ‘त्या’नंच गेली होती. तिला कांदा साठवायच्या बराकीशेजारच्या खोलीत ठेवलं होतं आणि तिचा खोकला ओसरीपर्यंत ऐकू यायचा, तो एक दिवस आला नाही. आई आता माझं ताट वेगळं घासू लागली, आणि एकदा मी पाहिलं की अप्पा बराकीशेजारच्या त्या खोलीचं दार उघडून नुसते आत बघत उभे आहेत. मला पाहिल्यावर त्यांनी दार लोटलं आणि कांदा किती वाळलाय ते बघत होतो म्हणाले. बराकीत तेव्हा कांदा नव्हता.

आरोग्य केंद्रात दिवसाआड इंजेक्शन घ्यायचं ठरलं. तिथल्या सिस्टरबाई सांगायला विसरल्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की कानात काही आवाज यायला लागला, चालताना तोल गेला, तर लगेच येऊन सांगायचं. आईनं विचारलं, कसला आवाज. त्या म्हणाल्या, “कसलाबी. घंटी, शिट्टी, काय बी.” मी मान डोलावली.

इंजेक्शनानं गुण आला. खोकला आटला, भूक लागायला लागली, आईनं केलेली मासवडी मी रश्शासकट संपवली तेव्हा ती पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली. पौषात मी पहिल्यांदा काकींच्या माडीचा जिना न थांबता चढले. कित्येक महिन्यांनी मला एक सूर धरून ठेवता आला, आणि काकींनी पेटी थांबवून डोळे मिटले. म्हणून त्याच पंधरवड्यात, एका दुपारी उन्हात बाजेवर पडले असताना, मला भर दिवसा रातकिडा ऐकू आला तेव्हा मी तो कुणाला सांगितला नाही. वहिनी शेजारी गहू निवडत होती. तिला मी सहज विचारलं, किडा कुठं ओरडतोय गं? तिनं कान दिला आणि म्हणाली, “कुटं? काय न्हाई.” मला सिस्टरबाईंचे शब्द आठवले. पण सांगितलं की इंजेक्शन थांबणार, आणि इंजेक्शन थांबलं की आत्याची खोली. माझा हिशेब एवढाच होता. श्वास परत येत होता, त्यापुढे कानात एक बारीक शिट्टी म्हणजे काय मोठं. लोक आजही विचारतात, तेव्हा का बोलली नाहीस. मला मरायची भीती वाटत होती, यापेक्षा वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

इंजेक्शनं संपली तेव्हा हवापालट म्हणून आईनं मला तिच्या माहेरी डिंभ्याला पाठवलं. घोडेगावच्या पुढं बस यायची तेव्हा यायची. तिची वाट बघत फाट्यावर बसणं हेच तिकडचं मोठं काम. मामा धरणात मासे धरायचा. तिथं ऊस नव्हता, मोटारी नव्हत्या. डोंगर आणि मध्ये पाणी. त्या शांततेत मला कळलं की माझ्या कानातला किडा किती मोठा झालाय. तो पाण्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरला होता. मामा मला होडीतून जाळी बघायला घेऊन गेला. तो पुढं तोंड करून वल्हवत बोलत होता, आणि मला त्याच्या बोलण्याचा गुरगुरता तळ तेवढा ऐकू येत होता, वरचं सगळं कुणी खुरपून काढल्यासारखं. मला वाटलं, वारा असेल. वारा नव्हता, पाणी काचेसारखं होतं. संध्याकाळी मामीनं स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत उभी राहिली आणि तिला आवाज नव्हता. मी वाकून कान जवळ नेला. मामीनं मला दंडाला धरून मागं ओढलं तेव्हा केस जळल्याचा वास आला. ती काय बोलली ते मी तिच्या तोंडाकडे बघून समजून घेतलं, आणि असं समजून घेता येतं हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

परत आल्यावर काकींकडे गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे ‘सा’ दिला आणि मला ऐकू आलं ‘आ’. रे, ग, म ठीक होते. प अंधूक. सा मात्र ‘आ’. मी हसले, वाटलं काकी गंमत करताहेत. पुन्हा त्यांनी दिला, पुन्हा ‘आ’. पुढं कधीतरी पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं की असं बहिरेपण वरून खाली येतं, आधी पातळ आवाज जातात, स आणि श जातात, पाखरं जातात, शिट्ट्या जातात. त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पेटी स्वतःकडे ओढली आणि वरच्या पट्ट्या दाबत गेले. लाकडावर लाकूड पडल्याचा टक्‌टक्‌ आवाज, बाकी काही नाही. विचारलं, “काकी, वरचे सूर बसले का पेटीचे?” काकींनी माझ्या हातावरून हात नेऊन त्याच पट्ट्या दाबल्या आणि माझ्याकडे बघितलं. “वाजताहेत, नंदा,” त्या म्हणाल्या.  मग त्यांनी पट्टी उतरवली आणि खालच्या सप्तकात शिकवायला सुरुवात केली. मला वाटतं त्यांना त्याच दिवशी समजलं. मी सांगेन म्हणून त्या थांबल्या, त्या विचारतील म्हणून मी थांबले. परीक्षा वैशाखात होती.

त्याच वर्षी बिबट्यानं आमच्या शिवारात ठाण मांडलं. आधी वस्तीवरचं कुत्रं गेलं. सकाळी साखळी होती, साखळीला पट्टा होता, कुत्रं नव्हतं. मग शेजारच्या मळ्यातल्या शेळ्या गेल्या. मग पलीकडच्या वस्तीवर बांधाला बसलेली एक म्हातारी गेली, आणि तिच्या लुगड्याची पट्टी उसाच्या तोंडाशी सापडली. कारखान्याची तोड आमच्या उसापर्यंत आली नव्हती. चैत्र लागला तरी तो तसाच उभा होता, माणसाच्या दुप्पट उंच, आतून काळा. वनखात्याची माणसं जीप घेऊन आली आणि सांगून गेली की एकट्यानं जाऊ नका, खाली वाकून फार वेळ बसू नका, आणि आवाज करत राहा. बोला, गा, डबे वाजवा. माणसाचा आवाज असला की तो लांब राहतो. मग सगळं शिवार बोलायला लागलं. दादानं मोटारीच्या खोपीला रेडिओ टांगला. आई शेण टाकायला जाताना तांब्यावर चमचा वाजवत जाई. पलीकडच्या मळ्यातले म्हातारे विनाकारण एकमेकांना हाका मारत. हे सगळं मी बघत होते. लोक जितके मोठ्यानं बोलू लागले तितका तो गलका मला आठवड्या-आठवड्यानं कमी ऐकू येत होता.

आता आमच्याकडे बिबट्या जवळ आला की वाजणारे भोंगे ठिकठिकाणी बसवले आहेत. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात. भोंगा वाजला की दादा मला मोबाईलवर कळवतो, आणि मी दाराची कडी लावून खिडकीशी बसून राहते. ऊस हलतो तेव्हा तो कशानं हलतोय हे मला नुसतं बघून ठरवावं लागतं. इतक्या वर्षांत ते मला कधी नीट जमलेलं नाही.

लपवायला मी फार लवकर शिकले. समोरच्याचं तोंड उजेडाकडे येईल अशी बसायचे. कुणी बोलायच्या आधी मीच बोलायचे, म्हणजे उत्तर काय असेल याचा अंदाज येई. मिशीवाल्या माणसांचं काही कळत नसे, त्यांना हसून हो म्हणायचे. सगळ्यात अवघड गुरुवार. भजनात मी अप्पांच्या बोटांकडे बघून गात होते. एका गुरुवारी मला दिसलं की गाताना टाळकरी एकमेकांकडे बघताहेत आणि अप्पा पट्टी शोधताहेत. माझ्या गळ्याखाली पट्टी सरकवून बघताहेत.  वहिनीलाही काहीतरी कळलं होतं. मी गुणगुणायला लागले की ती हातातलं काम सोडून दुसऱ्या खोलीत जाई. मला वाटे, नव्या नवरीला गाण्याचा कंटाळा असेल.

तो दिवस चैत्राच्या अखेरचा. ऊन कललं होतं. बराकीत कांदा भरायचं काम चाललं होतं; दादा ट्रॅक्टरमधून ओतत होता, आई, अप्पा आणि वहिनी सारत होते. गाईसाठी घास कापायला मी उसाच्या कडेला गेले. हाकेच्या अंतरावर सगळे होते, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. आई एवढंच म्हणाली, की गात राहा. मी विळा घेऊन वाकले आणि काकींनी शिकवलेली भूपातली बंदिश म्हणायला लागले. मला माझा आवाज छातीत कळत होता. घास कोवळा होता, विळा सरसर चालत होता आणि मला खरंच बरं वाटत होतं. परीक्षेत हीच म्हणायची असं ठरवत होते. खोकला नव्हता, दम लागत नव्हता.

मग पायाखालची जमीन थरथरली. पहिल्यांदा मला वाटलं, मलाच चक्कर येतेय. थरथर वाढली, म्हणून मी मान वर केली. दादा ट्रॅक्टर कांद्याच्या राशीवरून, वांग्याच्या वाफ्यातून सरळ माझ्या अंगावर आणत होता. त्याचं तोंड उघडं होतं. त्याच्यामागं अप्पा कुऱ्हाड घेऊन पळत होते, त्यांचंही तोंड उघडं. आई जमिनीवर बसली होती. कुणाच्याच तोंडातून आवाज येत नव्हता. ते सगळे माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागं बघत होते. मी वळले. उसाच्या बाहेर, मी कापलेल्या घासाच्या पेंढीपाशी, तो पोट जमिनीला लावून बसला होता. त्याच्या मिशीचे केस दिसावेत इतका जवळ. त्याचे कान मागं चिकटलेले होते आणि डोळे माझ्यावर होते. कितीतरी वेळ गेला असं वाटलं. मग ट्रॅक्टर आला आणि तो उठला, घाई न करता उसात शिरला. पाती हलली, मग थांबली.

आईनं येऊन मला थोबाडीत मारली आणि मग मिठी मारली. दादा माझे खांदे धरून हलवत होता. त्याच्या ओठांवरून मला कळलं ते एवढंच, “इतकं वरडलो, आयकू आलं न्हाई का?” मी म्हणाले, गाण्याच्या नादात होते. तेव्हा अप्पांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि ते माझ्या पाठीमागं गेले. ते तिथं काय करताहेत हे मला दिसत नव्हतं. मी समोर वहिनीकडे बघत राहिले. वहिनीचे डोळे माझ्यावरून मागं अप्पांकडे गेले, पुन्हा माझ्यावर आले, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग दादानं मान फिरवली. मी वळले तर अप्पांच्या हातात ट्रॅक्टरचा पाना होता आणि पायाशी घमेलं उलटं पडलेलं. ते घमेलं त्यांनी माझ्या कानाशी किती वेळ बडवलं होतं, देव जाणे. ते माझ्यासमोर आले, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून सावकाश म्हणाले, “कदीपासनं?”

पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आणि शेवटी अप्पांशी बोलले. माझ्यासाठी कागदावर लिहिलं की नस गेली आहे, परत येणार नाही, आणि थोडं खालचं उरलंय तेही जाईल. पावसाळा संपायच्या आत ते गेलं. शेवटी काय ऐकलं असं लोक विचारतात. मला माहीत नाही. कुठला आवाज शेवटचा आहे हे तो ऐकताना कळत नाही.

आमच्या घरातलं गाणं त्या वर्षी बंद झालं. अप्पांनी पेटी कापडात गुंडाळून वर टाकली. गुरुवारी मंडळ दुसऱ्याच्या ओसरीवर जमू लागलं, आणि आई तरीही सवयीनं शेंगोळं करी आणि ते उरे. मी खोलीत पडून असायचे. डोक्यात चाली चालू असत. कान मेले होते, पण आत बंदिशी, गवळणी, काकींची स्तवनं एकामागून एक वाजत, आणि त्यांना वाजायला शब्द पुरत नसत. जुने शब्द संपले की चाल रिकामीच फिरत राही, घाण्याच्या बैलासारखी. त्या त्रासापायी मी तिला नवे शब्द घालायला लागले. पहिले जमले ते हे:

दार वाजले, दिव्याने ऐकले,
ज्योत हलली, मी उठले.

दिवाळीनंतर कांताकाकी मळ्यावर आल्या. बाजारपेठ सोडून त्या अशा कधी कुणाकडे जात नसत. उसातल्या वाटेनं दादानं त्यांना आणलं. त्यांनी माझ्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, मग माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि त्या ओळी म्हटल्या. माझ्या तळव्याखाली भूप हलला. मी तो ओळखला. त्या वेळी ओळखला, हे मी शपथेवर सांगते.

पुढच्या दोन वर्षांत कवितांचं पुस्तक झालं. एका मासिकाकडे पाठवल्या होत्या, त्या परत आल्या. गेय आहेत, पण आम्ही गीतं छापत नाही, असं काहीसं उत्तर होतं. दादा म्हणाला, आपणच छापू. आळेफाट्याला गॅरेजांच्या रांगेत एक छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणारा. प्रेसवाल्या भाऊंनी त्याआधी कवितेचं पुस्तक छापलं नव्हतं. मी मशीनशेजारी उभी राहिले. ते सुरू झालं की फरशीतून ठेका पायात चढे आणि मला तिथून हलावंसं वाटत नसे. प्रत्येक कवितेच्या डोक्यावर मी चाल लिहिली होती. अमकी बंदिश, अप्पांची तमकी गवळण. माझ्या दृष्टीनं कविता म्हणजे अर्धीच गोष्ट होती. चाल सांगितली की वाचणारा ती पुरी करील. पुस्तकांचे गठ्ठे बराकीत ठेवले. आजही कुठं त्यातली एखादी प्रत सापडली तर तिला कांद्याचा वास येतो. काकींनी दुकानाच्या काउंटरवर काही ठेवल्या, साड्या घ्यायला आलेल्या बायका उघडून बघत आणि कुणीकुणी घेऊन जात.

मग अप्पांनी मंडळाचं ठरवलं, की देवळात सप्ताहाच्या आधल्या संध्याकाळी नंदाची कविता म्हणायची. पेटी खाली आली. कांताकाकींनी स्वतः येऊन चाल बसवून दिली, कारण ती त्यांनीच मला शिकवलेली होती. देऊळ भरलं होतं. दादानं मला पखवाजाशेजारी बसवलं आणि मी दोन्ही तळवे फरशीवर ठेवले. अप्पांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. पहिल्या ओळीवर मी आत त्यांच्याबरोबर सुरू केलं.

ते जुळलं नाही. जिथं शब्दावर भार पडायला हवा तिथं फरशी गप्प होती, आणि जिथं शब्द संपत होता तिथं पखवाज येत होता. मी वाट पाहिली, समेवर गाठ पडेल म्हणून. पडली नाही. समोरच्या बायका डोळे पुसत होत्या. वहिनीनं माझा हात दाबला. मी हसले. मला वाटलं, त्यांनी चाल बदलली. त्यांना जमली नसेल, सोपी करून घेतली असेल, आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नसेल. प्रसाद वाटत होते तेव्हा मी काकींना देवळाच्या मागच्या कट्ट्यावर घेऊन गेले. अजून उजेड होता, त्यांचं तोंड मला नीट दिसत होतं.

“काकी, चाल बदलली ना त्यांनी?”

त्यांना प्रश्न कळला नाही, मग कळला. त्यांनी उजेडाकडे तोंड केलं. मग एकेक शब्द ओठांवर उभा करून म्हणाल्या, “नाही, नंदा. मी शिकवली तीच आहे.”

“आणि ठेका?”

“ठेकाही तोच.”

त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मी आत परत ती चाल सुरू करून बघितली. ती माझ्यापाशी ठळक होती, खणखणीत, पहिल्या दिवसासारखी. फक्त ती कुणाचीच नव्हती. केव्हा सरकली, किती सरकली, हे मला कळायला मार्ग नव्हता. मग मनात दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच ठळक होत्या, आणि त्यातली एकही तपासता येत नव्हती. आईचं बोलणं, अप्पांची हाक, काकींचा यमन, जे जे मी जपून ठेवलंय असं समजत होते ते आत कुणीतरी बदलत होतं, आणि मला न सांगता. त्या कट्ट्यावर मला जी भीती वाटली तशी त्या उसाच्या कडेलाही वाटली नव्हती. तिथं निदान मी वळून बघितलं होतं.

घरी येताना दादानं गाडी सावकाश चालवली. दिव्याच्या उजेडात दोन्हीकडचा ऊस मागं जात होता. अप्पा पुढं बसले होते, खूश होते. त्यांनी एकदा मागं वळून मला खुणेनं विचारलं, कसं झालं? मी त्यांना हातानं सांगितलं, फार छान. काकींनी त्यांना काही सांगितलं नसावं. अप्पा गेले तोवर त्यांची समजूत हीच होती, की त्यांनी लेकीचं गाणं लेकीच्या चालीत म्हटलं. आणि ते खरंही होतं.

काही महिने मी लिहिलं नाही. मग चाली पुन्हा शब्द मागायला लागल्या, त्याला माझा इलाज नव्हता. दुसऱ्या पुस्तकाचे कागद घेऊन आळेफाट्याला गेले तेव्हा प्रेसवाल्या भाऊंनी पानं उलटून बघितली, पहिलं पुस्तक शेजारी उघडून ठेवलं, आणि कवितेच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “ताई, या बारीला चाल न्हाई का लिवायची?”

“चाल आहे,” मी म्हणाले. “पण ती तुम्हाला कुणाला यायची नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझे कागद जुळणीला ठेवून पत्रिकांचा कागद लावला आणि मशीन सुरू केलं.